जांभळं कडं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रथिनांच्या चाचण्यांचं प्रात्यक्षिक असायचं. बायुरेट, मिलन, झँथोप्रोटिक आणि शेवटी हॉपकिन्स-कोल. पहिल्या तीन मुलं भराभर उरकायची, चौथीपाशी सगळ्यांचे हात आपोआप हळू व्हायचे. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात कालवून घ्यायचा, त्यात अभिकारक घालायचं, नळी तिरकी धरायची आणि संहत सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेकडेने उतरू द्यायचं. आम्ल जड असतं, ते गुपचूप खाली जाऊन बसतं. वरचं द्रावण आणि खालचं आम्ल जिथे भेटतात तिथे, क्षण-दोन क्षणांनी, जांभळं कडं उमटतं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतल्या ट्रिप्टोफॅनची ती खूण. बांगडीसारखं, पण श्वास लागला तरी विस्कटेल इतकं नाजूक. नळी हलली की गेलं.

एका वर्षी निम्म्या वर्गाला ते कडं दिसलंच नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते, मुलांना पाचची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, "जर्नलमध्ये लिहून टाका, जांभळं कडं दिसलं, ट्रिप्टोफॅन आहे. परीक्षेला येईल बरोबर." पहिल्या रांगेतली एक मुलगी तशीच उभी राहिली. म्हणाली, "पण मॅडम, दिसलं नाही." मी तिच्या हातातली नळी घेतली, "अगं, अभिकारक जुनं झालं असेल," म्हटलं आणि नळी सिंकमध्ये रिकामी केली. तिने जर्नलमध्ये सांगितलं तसं लिहिलं. मी सही केली.

ही चाचणी ज्यांच्या नावाने चालते त्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्याबद्दल तोवर मला तीन ओळींपलीकडे काही माहीत नव्हतं: इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ, केंब्रिज, १९२९चं नोबेल. पुढे एका सुट्टीत त्यांच्याविषयी वाचायला घेतलं आणि पहिल्याच बैठकीत त्या सिंकमध्ये ओतलेल्या नळीपाशी येऊन थबकले. कारण ही चाचणी जन्माला आली तीच मुळी एका फसलेल्या प्रात्यक्षिकातून.

केंब्रिजला तेव्हा विद्यार्थी प्रथिनांसाठी अदामकिएविच यांची जुनी चाचणी करायचे. प्रथिन, त्यात ॲसिटिक आम्ल, मग सल्फ्युरिक आम्ल, की जांभळा रंग. वर्ग चालू असताना एका विद्यार्थ्याला तो रंग येईना. शिकवायला हॉपकिन्स होते. हात चुकला असेल, नळी घाण असेल, पुन्हा करून बघ, असं म्हणून मोकळं होणं त्यांनाही सहज जमलं असतं. त्यांनी त्या विद्यार्थ्याच्या ॲसिटिक आम्लाकडे पाहिलं. मग दुसऱ्या बाटलीतलं घेतलं, मग तिसऱ्या. काही बाटल्यांनी रंग येत होता, काहींनी नाही. सिडनी कोल या सहकाऱ्याबरोबर ते त्याच्या मागे लागले आणि निष्पन्न झालं ते असं, की शुद्ध ॲसिटिक आम्ल ही चाचणी देतच नाही. रंग येतो तो त्यात मिसळलेल्या अशुद्धीमुळे, ग्लायॉक्झिलिक आम्लामुळे. इतकी वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा एका भेसळीच्या जिवावर प्रथिनं ओळखत होत्या, आणि ज्याची चाचणी फसली त्या मुलाच्या बाटलीत खरंखुरं शुद्ध आम्ल होतं!

गोष्ट इथेच थांबली असती तरी मोठी होती. पण हॉपकिन्स आणि कोल यांनी पुढचा प्रश्न विचारला. ग्लायॉक्झिलिक आम्लाशी हा रंग देणारं प्रथिनात आहे तरी काय? दुधातल्या केसीन या प्रथिनाचं ट्रिप्सिन या पाचक विकराने पचन करायचं, त्या काल्यातून एकेक भाग वेगळा काढायचा आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारायचा: जांभळा होतोस का? रंग वाटाड्या झाला. १९०१ साली त्यांच्या हाती जे स्फटिक लागले ते ट्रिप्टोफॅन. त्या द्रव्याचं नाव आधीपासून होतं, चाहूल होती, पण शुद्ध रूपात त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

वेगळं काढलेलं ट्रिप्टोफॅन त्यांनी बाटलीत घालून शेल्फवर ठेवलं नाही. मक्यातल्या झीन नावाच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसतं. एडिथ विलकॉक यांच्याबरोबर त्यांनी उंदरांना प्रथिन म्हणून नुसतं झीन दिलं. उंदीर मेले. झीनबरोबर ट्रिप्टोफॅन दिलं, तर उंदीर वाढले नाहीत, पण जास्त दिवस जगले. १९०६ सालची ही गोष्ट. प्रथिन किती खाल्लं एवढं बघून भागत नाही, त्यात काय काय आहे हे बघावं लागतं, हे त्या उंदरांनी सांगितलं. आमच्या घरात भाकरीबरोबर पिठलं किंवा आमटी असलीच पाहिजे असा आजीचा दंडक होता. नुसत्या चटणी-भाकरीवर कोणी उठायला लागलं की ती पुन्हा बसवायची. एकाची उणीव दुसरं भरून काढतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हॉपकिन्स यांचं स्वतःचं आयुष्य सरळ रस्त्याने गेलेलं नाही, आणि माझ्या मते त्यांच्यातल्या शिक्षकाचं मूळ तिथे आहे. जन्म १८६१चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबर्न गावचा. वडील लंडनमध्ये पुस्तकं विकायचे, पण मूल तान्हं असतानाच ते गेले. त्यांच्या मागे घरात एक सूक्ष्मदर्शक राहिला. समुद्रावरून वेचून आणलेलं काहीबाही मुलगा त्याच्याखाली ठेवून तासन्‌तास बघायचा. शाळेत मात्र त्याचा जीव रमेना. तो शाळा चुकवायला लागला, एकदा तर कित्येक दिवस गेलाच नाही. सतराव्या वर्षी शाळा सुटली. सहा महिने विम्याच्या कचेरीत कारकुनी केली, मग एका खासगी रसायन-तपासनिसाकडे उमेदवारी. त्याच सतराव्या वर्षी कीटकांच्या एका नियतकालिकात त्याचं पहिलं टिपण छापून आलं होतं, शत्रूवर गरम वाफारा सोडणाऱ्या एका भुंगेऱ्याबद्दल. आपण त्या दिवसापासून मनाने जीवरसायनशास्त्रज्ञ झालो, असं ते पुढे सांगत.

आजोबांकडून थोडा पैसा मिळाला तेव्हा ते रसायनशास्त्र शिकले. मग लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये सर टॉमस स्टीव्हन्सन यांचे मदतनीस झाले. स्टीव्हन्सन सरकारचे विषतज्ज्ञ. विषप्रयोगाच्या खटल्यात मृताच्या पोटातलं चिमूटभर द्रव्य यायचं आणि त्यावर कोणाच्या तरी फाशीचा निर्णय अवलंबून असायचा. पुराव्याला हात कसा लावायचा, हे हॉपकिन्स तिथे शिकले असणार. सत्ताविसाव्या वर्षी ते वैद्यकाच्या पहिल्या वर्षात जाऊन बसले. डॉक्टर झाले तेव्हा १८९४ उजाडलं होतं. १८९८ साली मायकेल फॉस्टर यांनी त्यांना केंब्रिजला बोलावलं, तेव्हा वय सदतीस. पगार तुटपुंजा, त्यामुळे संशोधन सांभाळून इमॅन्युएल कॉलेजात मुलांना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवण्याचं ओझंही डोक्यावर घेतलं. १९१०मध्ये ते आजारी पडून अंथरुणाला खिळले. ट्रिनिटी कॉलेजने मग संशोधनाला वेळ मिळेल असं पद दिलं, तेव्हा कुठे शिकवण्यांतून सुटका झाली. प्राध्यापक झाले १९१४मध्ये, पन्नाशी उलटल्यावर.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडे येणारी मुलं येत होती. बारावीला वर्ष गेलेली, मेडिकल दुकानात दोन वर्षं काढून परत कॉलेजला आलेली, लग्न होऊन मूल झाल्यावर प्रवेश घेणारी. आपल्याकडे अशा मुलांच्या कपाळावर 'गॅप' असा शिक्का बसतो. हॉपकिन्स यांच्या आयुष्यात तर गॅपच गॅप आहेत.

ज्या कामासाठी नोबेल मिळालं ते १९१२ साली प्रसिद्ध झालं. त्यातली रीत इतकी साधी आहे की आठवीतल्या मुलालाही सांगता येते. उंदरांना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घुशींच्या जातीच्या पांढऱ्या उंदरांना, अगदी शुद्ध केलेलं अन्न द्यायचं: केसीन, स्टार्च, साखर, डुकराची चरबी आणि क्षार. क्षारांसाठी ओट आणि कुत्र्यांची बिस्किटं जाळून त्यांची राख घेतली होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे जगायला आणखी काही लागत नव्हतं. आठ उंदरांना फक्त हे अन्न, आणि दुसऱ्या आठांना हेच अन्न अधिक रोज तीन घनसेंटिमीटर दूध. तीन घनसेंटिमीटर म्हणजे चमचाभरही नाही. दूधवाले उंदीर भराभर वाढले, बाकीच्यांचं वजन आधी थांबलं, मग उतरू लागलं. अठराव्या दिवशी त्यांनी दूध एका गटाचं काढून दुसऱ्याला दिलं. आलेखात त्या दिवसावर एक उभी रेघ आहे. त्या रेघेपाशी खालची रेषा वर उठते आणि वरची हळूहळू वाकते. मी तो आलेख फळ्यावर काढायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही माना वर करायची.

दुधातल्या त्या अदृश्य गोष्टींना हॉपकिन्स यांनी 'पूरक घटक' म्हटलं. त्याच वर्षी कासिमिर फुंक यांनी 'व्हायटामिन' हा शब्द काढला आणि तो राहिला. नोबेल हॉपकिन्स यांना ख्रिश्चन आइकमान यांच्याबरोबर विभागून मिळालं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या नोबेलपेक्षा त्यांची प्रयोगशाळा जास्त ओढून घेते.

सर विल्यम डन नावाच्या व्यापाऱ्याने मागे ठेवलेल्या पैशातून केंब्रिजला जीवरसायनशास्त्राची स्वतंत्र इमारत उभी राहिली, १९२४ साली. तिथे हॉपकिन्स, सगळ्यांचे 'हॉपी', कोणाकोणाला जागा देत होते ते पाहावं. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पूर्ण पदवीसुद्धा देत नव्हतं, ती मिळायला १९४८ उजाडावं लागलं. तरीही हॉपींच्या विभागात संशोधन करणाऱ्या स्त्रियांची संख्या नजरेत भरण्याइतकी होती. जिवाणूंच्या जीवरसायनाचा पाया घालणाऱ्या मार्जरी स्टीफनसन तिथल्याच. रॉयल सोसायटीने १९४५ साली पहिल्यांदा दोन स्त्रियांना सदस्य केलं, त्यांतल्या त्या एक. स्नायूंवर काम करणाऱ्या डोरोथी नीडम तिथल्याच. आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन तिथे दहा वर्षं रीडर होते. हेच हॉल्डेन पुढे १९५७मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. १९३३ साली जर्मनीत ज्यू शास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा हान्स क्रेब्ज यांना हॉपींनी केंब्रिजला बोलावून घेतलं. एर्न्स्ट चेन यांनाही तिथे आसरा मिळाला, आणि पुढे हॉपींच्याच शिफारशीने ते ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्याकडे गेले. तिथे पेनिसिलिन झालं. माणसं नेमताना हॉपी ती कुठून आली, कोणत्या वाटेने आली, हे बघत नसत.

अशीच एक मुलगी १९३७च्या अखेरीस त्या इमारतीत आली, मुंबईची. कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन उत्तम रीतीने पदवी मिळवलेल्या या मुलीने बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संशोधनासाठी अर्ज केला होता. वडील आणि काका दोघेही तिथूनच शिकून आलेले. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ती हटली नाही, समोर जाऊन उभी राहिली. मग परवानगी मिळाली ती अशी, की पहिलं वर्ष अजमावणीचं, काम पाहून मगच पुढचं ठरेल. हा अपमान कमलाबाई म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत, आणि त्यांनी विसरावा असं मला वाटतही नाही. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून दाखवलं आणि मग त्या संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली.

केंब्रिजला कमलाबाई आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे काम करत होत्या. प्रयोगाला घेतला होता बटाटा. पेशींच्या श्वसनात लागणारं सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही असतं, हे त्यांनी त्यातून दाखवलं. त्यांचा पीएचडीचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९मध्ये त्या पदवी घेऊन परतल्या.

पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून, लग्नानंतर कमला सोहोनी होऊन, त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला आल्या. पुढे त्याच संस्थेच्या संचालकही झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर केलेलं काम बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्यांचं वालावरचं काम जास्त आवडतं. 'नेचर'मध्ये १९५५ साली त्यांचा आणि एका सहसंशोधकाचा लेख आला: वाल आणि डबल बी यांच्यातून त्यांनी ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं स्फटिकरूपात काढली होती. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. बघा, हॉपकिन्स यांनी त्याच ट्रिप्सिनने केसीन पचवून ट्रिप्टोफॅन मिळवलं होतं. वाल त्यालाच हात धरून थांबवतो. म्हणून तर तो पोटाला जड. माझी आई वालाचं बिरडं करायची ते दोन दिवसांचं काम असे. रात्री भिजत, सकाळी उपसून फडक्यात बांधून मोड, मग कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोलायची, आणि मग चांगली शिजू द्यायची. आम्ही मुलं साल बोटाने दाबून डाळिंबी उडवायचो. परळच्या-दादरच्या स्वयंपाकघरांतला हा पदार्थ नेण्याची जागा 'नेचर' आहे, हे त्या काळात कोणा मराठी बाईला सुचावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

हॉपकिन्स चुकलेही. १९२१मध्ये त्यांनी पेशींमधलं ग्लुटाथायोन शोधलं आणि ते दोन अमिनो आम्लांचं आहे असं सांगितलं. काही वर्षांनी इतरांनी शंका काढली. तोवर ते सर झाले होते, रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक मिळालं होतं. ते पुन्हा बाकावर बसले, ते द्रव्य पुन्हा काढलं आणि १९२९ साली स्वतःच लिहिलं, की ते दोनांचं नाही, तिनांचं आहे, ग्लायसीन राहून गेलं होतं.

पण दुसरी चूक याहून जुनी होती आणि ती मला जास्त हलवते. गाइजमध्ये असताना त्यांनी पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांतले रंग तपासले होते. पांढऱ्या रंगाला त्यांनी युरिक आम्ल ठरवलं. पिएरिडी कुळातली ही फुलपाखरं आपल्याकडेही आहेत. श्रावणात माळावर टाकळा माजला की त्यावर पिवळसर पांढरी फुलपाखरं थव्यांनी येतात. लहानपणी आम्ही ती धरायचो आणि बोटांना भुकटी लागायची. ती भुकटी युरिक आम्ल नव्हे, हे १९२०च्या दशकात जर्मन रसायनज्ञांनी दाखवलं. ते वेगळंच कुळ निघालं, टेरिन, पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हॉपकिन्स यांना ही बातमी सोडून देता आली असती, तिशीतलं काम होतं ते. पण १९४२ साली, वयाच्या ऐंशीनंतर, बाहेर महायुद्ध चालू असताना, त्यांनी टेरिनांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जवळजवळ पन्नास वर्षांनी ते त्याच पंखांपाशी परत आले.

त्याच सुमाराला फॉलिक आम्लाचा शोध पूर्णत्वाला जात होता, आणि त्याच्या रेणूच्या एका टोकाला निघालं टेरिनच. या फॉलिक आम्लाची पहिली खूण सापडली होती मुंबईत. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८पासून मुंबईतल्या गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणात होणारा एक पंडुरोग अभ्यासत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. आज अंगणवाडीत, उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तीत लोहाबरोबर असतं ते हेच. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी आणि ती गोळी यांच्या गाभ्याशी एकच कडी आहे, हे वर्गात सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा कापायचा.

हॉपकिन्स १६ मे १९४७ रोजी केंब्रिजला गेले. शहाऐंशी पूर्ण व्हायला महिना-सव्वा महिना राहिला होता.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या वर्षी मी ते प्रात्यक्षिक वेगळ्या तऱ्हेने घेतलं. आदल्या दिवशी अभिकारक, म्हणजे ते ग्लायॉक्झिलिक आम्लच, स्वतः बनवलं. मॅग्नेशियमची पूड पाण्यात भिजवायची, ऑक्झॅलिक आम्लाचं थंड द्रावण हळूहळू घालायचं, फसफसून चंचुपात्र तापतं म्हणून ते बर्फात ठेवायचं, मग गाळायचं. दुसऱ्या दिवशी निम्म्या टेबलांवर हे ठेवलं आणि निम्म्यांवर नवी फोडलेली शुद्ध ॲसिटिक आम्लाची बाटली. बाटल्यांवर फक्त 'अ' आणि 'ब'. प्रथिनंही दोन, अंड्याचं आणि जिलेटिनचं, कारण जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं. कोणाला काही सांगितलं नाही. वेळ वाढवून घेतली होती आणि पाचच्या एसटीवाल्या चार जणांचा वर्ग त्या दिवशी सकाळी ठेवला होता.

अर्ध्या तासात कुजबुज सुरू झाली. याचं येतंय, त्याचं नाही. कोणीतरी शेजारच्या टेबलावरची बाटली मागून घेतली. एक मुलगा नळी उजेडासमोर धरून श्वास रोखून उभा होता. मागच्या टेबलावरची एक मुलगी जर्नल घेऊन माझ्याकडे आली. निरीक्षणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'कडं दिसलं नाही.' पुढचा अनुमानाचा रकाना कोरा होता. दोन्ही नळ्या तिच्या डाव्या हातात होत्या, एकीत जांभळं कडं, दुसरीत नुसतं पाणी दिसावं तसं स्वच्छ. "मॅडम," ती म्हणाली, "मला 'अ'ची बाटली अजून थोडा वेळ मिळेल का?"